चौकीतले आजोबा

गिल्हूलींचे आजोबा हरवले होते. मेले होते ते वेगळं. मरून पंचावन्न वर्षं झाली होती आणि क्लूनगारच्या चर्चमागे त्यांची जागा पक्की होती. हरवले होते ते १९११ च्या खानेसुमारीत. त्या साली दोन एप्रिलच्या रात्री आयर्लंडात जो जिथे झोपला, तिथे त्याचं नाव लिहिलं गेलं. क्लूनगारमधला एकूण एक दारुडा लिहिला गेला, भाचीकडे पाहुणी आलेली आंधळी म्हातारी लिहिली गेली, अजून बारसं न झालेलं तान्हं पोरसुद्धा लिहिलं गेलं. टेरेन्स गिल्हूली, वय तेवीस, तेवढे गायब.

त्यांना शोधत होते त्यांचे नातू फिंटन मास्तर. मास्तरकी सुटून बरीच वर्षं झाली होती, मास्तरपणा सुटला नव्हता. समोरच्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत ते आपणच द्यायचं, ही खोड त्यांच्या बायकोला पुरून उरली. हल्ली ती धाकट्या बहिणीच्या, डिंपनाच्या वाट्याला आली होती. डिंपनाने जन्म पोस्टाच्या खिडकीत काढला, लग्न केलं नाही, आणि वहिनी गेल्यावर भावाचं घर चालवायला घेतलं. म्हणजे चहा करायचा आणि आजोबांविषयी ऐकायचं. चहा करायचा तिला कंटाळा नव्हता.

आजोबांची कथा घरात पिढीजात होती. मूळ कथा आजीची, आणि ती एका शब्दाची. ‘तरुणपणी टेरेन्स कुठे होता गं?’ असं कुणी विचारलं की आजी ओठ घट्ट मिटायची आणि म्हणायची, ‘चौकीत.’ संपली कथा. वरचे सगळे मजले पुढच्यांनी चढवले. आजोबा इंग्रजांवर उठले, इंग्रजांच्या पोलिसांनी त्यांना धरून चौकीत डांबलं. तेही इथे लीट्रिममध्ये नाही, थेट टिपरेरीत. का? तर असला वाघ त्याच्याच जिल्ह्यात ठेवायची सरकारची छाती नव्हती! मग १९२२ साली देश सुटला आणि आजोबाही सुटून घरी आले. इतकी वर्षं माणसाला चौकीत ठेवत नाहीत, त्याला तुरुंग असतो, अशी शंका डिंपनाने एकदा काढली होती. ‘तू पोस्टातली, इतिहासात नाक खुपसू नकोस,’ असं तिला ऐकवण्यात आलं.

म्हातारे आजोबा तिला चांगले आठवत. ताठ चालायचे. रोज संध्याकाळी बूट चकचकीत घासायचे. कुणी बिनदिव्याच्या सायकलवरून निघाला की रस्त्यात आडवे उभे राहून विचारायचे, ‘दिवा कुठंय?’ आणि कुत्रं दिसलं की त्याच्या मालकाकडे परवाना मागायचे. ‘कैदेतली शिस्त!’ मास्तर अभिमानाने सांगत.

आता १९१६ च्या उठावाची शताब्दी आली होती आणि गावागावांत ज्याला त्याला हुतात्मा हवा होता. क्लूनगारच्या फुटबॉल मैदानाच्या फाटकाशी दगड बसवायचं ठरलं. मास्तरच समितीचे अध्यक्ष, तेव्हा दगडावर नाव कुणाचं हे सांगायला नको. ‘टेरेन्स गिल्हूली, आयर्लंडसाठी चौकीत.’ दगड कोरून तयार होता, रविवारी उघडायचा होता. फादर कॉनलन यांचा एवढाच आग्रह होता की शेजारी एखादा अस्सल कागद चौकटीत लावावा. म्हणून मास्तर तीन हिवाळे संगणकाला चिकटून होते. अडचण अशी, की तुरुंगात, वेड्यांच्या इस्पितळात आणि चौकीत झोपलेल्यांची त्या काळी पूर्ण नावं लिहीत नसत, नुसती आद्याक्षरं. त्यामुळे मास्तरांनी देशभरातले टी. जी. गोळा केले होते. एक निघाला साठीचा, तोही प्रोटेस्टंट, हंस चोरून आत गेलेला. वेड्यांच्या इस्पितळातला एक तर जवळजवळ नक्की झाला होता, पण तो स्वतःला पोप म्हणवत असे अशी नोंद निघाली.

दगडाचं नाव निघालं की डिंपनाचं तोंड वाकडं व्हायचं. दगडाशी तिचं काय वैर? वैर दगडाशी नव्हतं, समोरच्या घरामुळे होतं. रस्त्यापलीकडे डेव्हनींचं घर, आणि डेव्हनींना गावात ‘पीलर’ म्हणत. पीलर म्हणजे जुन्या इंग्रजी अमदानीतला पोलीस. क्लूनगारमध्ये चोर म्हटलेलं चालतं, पीलर म्हटलेलं चालत नाही. जुन्या पिढीतले मायल्स डेव्हनी तरुणपणी एका पहाटे दोन पोलिसांच्या मधून विडी ओढत चाललेले कुणीतरी पाहिले आणि नाव पडलं. ते मायल्सला पडलं, मुलाला पडलं, नातू पॅकीला तर दुधाच्या बाटलीबरोबरच मिळालं. डिंपना बावीस वर्षांची असताना पॅकीशी तिचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या केकसाठी पॅकीने कॅरिकच्या बाजारातून मनुका आणल्या आणि तिने त्या व्हिस्कीत भिजत घातल्या. तेव्हा बाप गरजला, ‘ज्यांना पोलिसांनी डांबलं त्यांची नात पीलरच्या घरात? आजोबा थडग्यात कूस बदलतील!’ रस्ता ओलांडून नकार सांगायला गेला फिंटन, आणि परत आला तो शीळ वाजवत. त्या मनुका बापलेकांनी नाताळच्या पुडिंगात घालून खाल्ल्या. छान मुरल्यात म्हणाले.

पॅकीनेही मग लग्न केलं नाही. रोज सकाळी तो फाटकातून हात वर करायचा, रोज ती खिडकीतून मान हलवायची. चाळीस वर्षांचा संसार म्हणायचा तर तेवढाच.

शुक्रवारी दुपारी डिंपना ब्रेडचं पीठ मळत होती तेव्हा बाहेरच्या खोलीतून आरोळी आली.

“सापडले! डिंपना, सापडले! चौकीतच होते! टिपरेरीच्या चौकीत!”

ती पिठाच्या हातांनीच धावली. मास्तरांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि क्षणभर तिलाही भरून आलं. काही झालं तरी आजोबा आपले.

“ऐक! टी. जी., वय तेवीस, रोमन कॅथलिक, अविवाहित, जन्म लीट्रिम, शेतकऱ्याचा मुलगा! आणखी काय पाहिजे?”

“शेतकऱ्याच्या आधी काय लिहिलंय?”

“कुठे?”

“इथे. कॉन्स्टेबल लिहिलंय.”

“तो पहाऱ्यावरचा.”

“आणि हा खालचा?”

“तोही पहाऱ्यावरचा.”

“फिंटन, सहा ओळी आहेत. एकीत सार्जंट, पाचांत कॉन्स्टेबल. सगळेच पहाऱ्यावर, मग कैदी कोण? मांजर?”

मास्तरांनी चष्मा पुसला. त्या काळची लिहिण्याची पद्धत, कारकुनांची घाई, इंग्रजांचा कावा, असं बरंच काही समजावून सांगितलं. डिंपनाने हात पुसले आणि गंमत म्हणूनच विचारलं, “त्या वेळी घरोघर जाऊन माणसं कोण मोजायचं रे? पोलीसच ना? मग त्या गावातलं दुसरं एखादं घर उघड की. मोजणाऱ्याची सही असेल खाली. ती तर पूर्ण करावी लागत असेल.”

मास्तरांनी शेजारचं घर उघडलं आणि सवयीने छापूनही घेतलं. लोहाराचं होतं. खाली सही होती: टेरेन्स गिल्हूली, कॉन्स्टेबल. ‘जी’ची शेपटी लांब मागे ओढलेली, आजोबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे तशी. पुढचं घर उघडलं. टेरेन्स गिल्हूली. त्याच्या पुढचं, विधवेचं. टेरेन्स गिल्हूली. सगळ्या वस्तीत दारोदार आजोबांची सही, ठळक, शाईला कंजुषी नाही. दहा शहाणे नदी ओलांडतात आणि मोजणारा स्वतःला मोजायला विसरतो, म्हणून बुडालेल्या दहाव्यासाठी सगळे गळा काढतात; तसे गिल्हूली तीन हिवाळे रडत होते. आजोबा हरवले नव्हते. आजोबा मोजत होते.

डिंपनाला आधी हसू फुटलं. बूट! दिवा! कुत्र्याचा परवाना! पोलिसाला त्याच्या जिल्ह्यात नेमत नसत, म्हणून टिपरेरी! बावीस साली इंग्रजांचं पोलीस खातंच मोडलं, म्हणून ‘सुटका’! आजी बिचारी एकदाही खोटं बोलली नव्हती. मग त्या मनुका आठवल्या आणि हसू जागच्या जागी थिजलं.

“वेड्यांच्या इस्पितळातले असते तरी चाललं असतं,” मास्तर पुटपुटले. “पोप असते तरी चाललं असतं. डिंपना, हे दोघांतच राहायला हवं.”

“आणि पॅकी?”

“त्याचा काय संबंध?”

हे विचारलं नसतं तर ती कदाचित विरघळली असती. माणूस इतका कोडगा असू शकतो? तिने सहीचा तो छापील कागद त्यांच्या हातून काढून घेतला, एप्रनच्या खिशात घातला आणि ब्रेड भट्टीत लावायला गेली. जाताना म्हणाली, “संबंध? एवढाच, की पीलरच्या घरात मला जाऊ दिलं नाहीत, आणि मी जन्मभर पीलरच्याच घरात राहिले.”

शनिवारी सकाळी रस्ता ओलांडून ती पॅकीच्या अंगणात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पॅकी पायरीवर बसून एका पोरक्या कोकराला बाटलीने दूध पाजत होता. तिने कागद त्याच्यापुढे धरला.

“वाच.”

“चष्मा आत आहे गं.”

“मग ऐक. आमचे आजोबा पोलीस होते. कैदी नव्हते. पोलीस!”

“हळू. कोकरू दचकतंय.”

“पॅकी, तुला ऐकू आलं का?”

“आलं,” पॅकी म्हणाला आणि बाटली जराशी तिरकी केली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. डिंपनाने पुढे धरलेला कागद खाली घेतला.

“तुला ठाऊक होतं.”

पॅकी कोकराचे कान कुरवाळत राहिला.

“अरे, बोल ना मेल्या! तोंडात काय बोळा आहे?”

मग त्याने सांगितलं, कोकराकडे बघतच. मायल्सला त्या पहाटे पोलिसांनी बंडवाला म्हणून धरूनच नेलं होतं. सहा महिने तुरुंगात होता तो. विडी पोलिसाने दिली म्हणून ओढली, फुकटची कोण सोडतो. सुटून आल्यावर गावाने गमतीत पीलर म्हटलं आणि तोही हसला. पुढे टेरेन्स घरी परतला. इंग्रजांच्या पोलिसातून आलेल्यांची घरं तेव्हा बंडवाले जाळत होते. एके दिवशी बंदूकवाले चार जण वाटेत उभे राहिले: इथे कुणी पीलर राहतो म्हणे? मायल्स पुढे झाला, म्हणाला, मीच की, सगळं गाव मला पीलर म्हणतं. त्यातले दोघे त्याच्याबरोबर तुरुंगात होते. पोट धरून हसले आणि निघून गेले.

“मायल्स आणि टेरेन्स शाळेत एका बाकावरचे,” पॅकी म्हणाला. “आजोबांनी बापाला सांगितलं, बापाने मला. मरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही म्हणून शब्द घेतला. गंमत होती ती तेव्हा. गंमत मेली, नाव राहिलं.”

डिंपनाला वाटलं होतं, आपण याला काहीतरी परत द्यायला आलोय. ती कागद चुरगाळत उभी राहिली.

“म्हणजे फिंटन नकार सांगायला आला तेव्हा तुला हे ठाऊक होतं.”

“हो.”

“आणि तू बोलला नाहीस.”

“तुझ्या बापाने ऐकलं नसतं गं.”

“बापाला कोण सांगत होतं? मला सांगायचं होतंस! मला! मी रात्रीच्या गाडीने तुझ्याबरोबर डब्लिनला आले असते, बोटीने लिव्हरपूलला आले असते. तुमच्या घराण्यात थोरपणाची साथच आहे मेली! आजोबा थोर, बाप थोर, तू थोर. आणि तुमच्या थोरपणाचं भाडं कोणी भरलं? मी! त्या खिडकीत बसून!”

“डिंपना...”

“मर त्या कोकराबरोबर,” ती म्हणाली आणि रडत रस्ता ओलांडून आली. ते कुणी पाहिलं तरी तिला पर्वा नव्हती.

रविवारी प्रार्थना उरकून गाव मैदानाच्या फाटकाशी जमलं. दगडावर हिरवं कापड, शेजारची चौकट रिकामी; कागद मागाहून येतोय, असं मास्तरांनी फादरना सांगितलं होतं. त्याच रात्री देशाची नवी खानेसुमारी होती, फॉर्म घरोघर वाटून झाले होते, आणि फादर कॉनलननी फॉर्म भरायची आठवण देऊनच समारंभाला सुरुवात केली. मास्तरांचं भाषण झालं. डिंपनाने कान देऊन ऐकलं, तेव्हा तिला त्यांची हुशारी कळली. ‘कैद’ हा शब्द एकदाही नाही. “माझे आजोबा चौकीत होते!” मास्तर गरजले. “एकोणीसशे अकरात चौकीत होते! ऐन तारुण्य त्यांनी चौकीत घालवलं!” शब्द आणि शब्द खरा, आणि टाळ्यांचा कडकडाट.

कापड ओढलं गेलं. फादर म्हणाले, “डिंपना, तुम्हीही नात. दोन शब्द बोला.”

मास्तर डोळ्यांनी नको नको म्हणत होते. डिंपना पुढे झाली. चुरगाळलेला कागद मुठीत होता.

“आमची आजी एकच सांगायची,” ती म्हणाली, “की टेरेन्स चौकीत होता. आजी खरं बोलत होती.”

टाळ्या.

“तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा.”

पुन्हा टाळ्या. एका म्हातारीने डोळे पुसले. आता याला काय म्हणायचं! खरं सांगितलं तरी लोकांना हवं तेच ऐकू येतं.

“आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा,” डिंपना म्हणाली. “पोलीस होता तो. इंग्रजांचा कॉन्स्टेबल. सही आहे त्याची, हा घ्या कागद.”

मैदानावरचे कावळे ऐकू येऊ लागले. मग मागून कुणीतरी जुन्या खोडाने आवाज टाकला, “मास्तर, दिवा कुठंय?” आणि हशा उसळला. हशा ओसरला तसा आवाज वेगळा झाला. दगड दलदलीत फेका, कुणी म्हणालं. मास्तर पांढरेफटक पडले होते.

तेवढ्यात पॅकी डेव्हनी टोपी काढून गर्दीतून पुढे आला. “काहीतरी घोटाळा झालाय,” तो म्हणाला. “पीलर आमचा आजोबा. सगळ्यांना ठाऊक आहे. एका गावाला एक पुरे.”

“मागे हो, पॅकी डेव्हनी!” डिंपना अशी कडाडली की फादरच दोन पावलं मागे सरले. “पुरे झाला तुमच्या घराण्याचा थोरपणा! ऐका रे सगळे. हा खोटं बोलतोय. याच्या आजोबांना पोलिसांनी धरून नेलं होतं, सहा महिने आत होते. आमच्या आजोबांचं घर जळू नये म्हणून त्यांनी पीलर हे नाव अंगावर वागवलं, आणि आम्ही त्याच नावाने यांना शिव्या घातल्या. लाज वाटते मला. बास.”

यावर क्लूनगारने काय करावं? मायल्सला एक रात्र का होईना, इथल्या चौकीत ठेवलंच असणार, तेव्हा वाक्य तसंच राहू द्यावं आणि नाव तेवढं घासून बदलावं, असं समितीने तिथल्या तिथे ठरवलं. दगड फुकट जायला नको. संध्याकाळपर्यंत फिंटन मास्तरांचे ‘पीलर मास्तर’ झाले होते. पॅकीचं नाव सुटलं म्हणता? छे! क्लूनगारमध्ये पडलेलं नाव निघत नाही. तो झाला ‘जुना पीलर’.

मास्तर घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खानेसुमारीचा फॉर्म घेऊन बसले होते. डिंपना आत आली तरी मान वर केली नाही. “आज रात्री या घरात मी एकटाच आहे असं लिहितोय,” ते म्हणाले. “माझ्या घरात घरभेद्यांना जागा नाही.”

“लिही की. माणसं गाळायची आपल्याकडे जुनीच रीत आहे,” ती म्हणाली. पिशवीत रात्रीचा झगा आणि दाताचा ब्रश टाकला, आणि ऊन उतरायच्या आत रस्ता ओलांडला.

पॅकीने दार उघडलं. त्याच्याही टेबलावर फॉर्म होता, पहिल्या जागी त्याचं नाव लिहून झालेलं.

“जो जिथे झोपेल तिथे त्याला लिहायचं,” डिंपना म्हणाली. “मी आज इथे झोपणार आहे. मागच्या खोलीत. उगीच दात दाखवू नकोस, माझा राग गेलेला नाही. उद्या उठल्यापासून भांडण पुढे चालू.”

“बरं,” पॅकी म्हणाला.

“बरं काय बरं? लिही. पूर्ण नाव. आद्याक्षरं नकोत. शंभर वर्षांनी फिंटनसारखं एखादं गाढव हा कागद उघडून बसेल, त्याला शोधत बसायला नको.”

पॅकीने चष्मा लावला आणि एकेक अक्षर गिरवल्यासारखं लिहिलं: डिंपना गिल्हूली. मग पेन अडलं.

“पुढे नातं विचारलंय,” तो म्हणाला. त्याचा कान लाल झाला होता. “घरातल्या पहिल्या माणसाशी नातं. काय लिहू?”

डिंपना त्याच्याकडे बघत राहिली. केस गेले होते, पाठ वाकली होती, आणि बाहीला कोकराच्या दुधाचे डाग होते. एवढा मोठा जन्म, आणि आजोबांच्या नि याच्या, दोन पुरुषांच्या तोंडून एक वाक्य वेळेवर निघालं नाही.

“घरात व्हिस्की आहे?” तिने विचारलं.

पॅकी लगबगीने उठला, बाटली काढली आणि दोन पेले मांडू लागला.

“पेले ठेव परत,” ती म्हणाली. “मनुका भिजत घाल आधी. मग ये लिहायला.”